समुद्रात रमलेला कुस्तो

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, तरी मला जाक कुस्तो जवळचा वाटतो. १९१० साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या या नौदल अधिकाऱ्याचं वैमानिक व्हायचं स्वप्न मोटार अपघातात मोडलं. हात बरा व्हावा म्हणून तो पोहू लागला. गॉगल लावून पाण्याखाली पाहिलं आणि तिथेच रमला. १९४३ मध्ये इंजिनिअर एमिल गान्यानने मोटारीच्या गॅससाठी बनवलेला व्हॉल्व्ह बदलून दिला. त्यातून पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र तयार झालं. १९५६ मध्ये त्याच्या 'द सायलेंट वर्ल्ड' माहितीपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण त्यात मासे मोजायला सुरुंग लावले, शार्क मारले! पुढे १९६० मध्ये मात्र समुद्रात अणुकचरा टाकायला त्यानेच विरोध केला. १९९७ मध्ये तो गेला. त्याचं हे बदलणं मला यंत्राहून मोठं वाटतं.