विल्यम एलिस मेटफर्ड

विल्यम एलिस मेटफर्ड (४ ऑक्टोबर १८२४ – १४ ऑक्टोबर १८९९) हे इंग्रज स्थापत्य अभियंते व बंदूक-संशोधक होते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत एखादे काडतूस लोकप्रिय का ठरते, याचे उत्तर त्यांच्या कार्यात सापडते. ब्रिटिश सैन्याची ली-मेटफर्ड रायफल त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

मेटफर्ड यांचा जन्म सॉमरसेट परगण्यातील टाँटन येथे झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते. शेरबोर्न येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी रेल्वे-बांधणीत उमेदवारी केली. नेमबाजीचा छंद लहानपणापासूनच होता. १८५२च्या सुमारास त्यांनी एनफिल्ड रायफलसाठी मागून पोकळ असलेली गोळी सुचविली. ती बंदूककार प्रिचेट यांच्या साहाय्याने सिद्ध झाली व सरकारी पारितोषिक प्रिचेट यांना मिळाले.

भारतातील वास्तव्य

१८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीनिमित्त ते बिहारमधील मुंगेर येथे आले. त्याच सुमारास उठावाचा भडका उडाला. एनफिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पसरला होता. त्याच रायफलच्या गोळीवर काम केलेला हा अभियंता मुंगेरच्या बचावाच्या तयारीत गुंतला. या काळातील श्रमांमुळे त्यांची प्रकृती खालावली आणि वर्षभरातच त्यांना मायदेशी परतावे लागले.

संशोधन

त्या काळच्या काळ्या दारूची कठीण काजळी प्रत्येक बारानंतर नळीत साचत असे. नळीतील पेचदार खाचा खोल असल्यास ती त्यांत घट्ट बसे आणि पुढच्या गोळीचा नेम चुके. मऊ शिशाची गोळी अधिक वेगात खाचांची पकडही सोडत असे. मेटफर्ड यांनी खाचा उथळ केल्या आणि शिशाची गोळी मिश्रधातूने कठीण केली. १८६५ मध्ये पाच उथळ खाचांची त्यांची पहिली स्पर्धा-रायफल तयार झाली. पुढे त्यांनी मागून काडतूस भरण्याच्या रायफलकडे लक्ष वळविले. ब्रिस्टलचे बंदूककार जॉर्ज गिब्ज यांनी त्यांच्या पद्धतीच्या ०.४६१ इंची रायफली बनविल्या.

त्यांची स्फोटक गोळी सरकारने १८६३ मध्ये स्वीकारली होती. मात्र १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक अस्त्रे युद्धात निषिद्ध ठरविल्यामुळे ती सोडून द्यावी लागली.

लोकप्रियतेची कारणे

व्यास लहान व लांबी अधिक असलेली गोळी हवेचा विरोध चांगला सोसते आणि वाऱ्याने कमी ढळते. परंतु १,००० यार्डांवर (सुमारे ९१४ मीटर) एवढ्याने भागत नाही. गोळीचा वेग दर बारास सारखा राहणे, नळी लवकर न बिघडणे आणि धक्का सोसवणारा असणे, हेही तितकेच आवश्यक असते. स्पर्धक अखेर निकाल पाहूनच काडतूस निवडतात. विम्बल्डन येथील राष्ट्रीय स्पर्धांत सर हेन्री हॅलफर्ड यांच्यासारख्या नेमबाजांनी मेटफर्ड रायफलने बक्षिसे मिळविली. १८७७ ते १८९४ या काळात ड्यूक ऑफ केंब्रिज पारितोषिक केवळ चार वेळा या रायफलच्या हातून निसटले.

ली-मेटफर्ड आणि अखेर

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने जेम्स पॅरिस ली यांची यंत्ररचना व मेटफर्ड यांची सात उथळ खाचांची नळी एकत्र करून ०.३०३ इंची रायफल स्वीकारली. तिच्या काडतुसात प्रारंभी काळी दारूच होती. पुढे कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. काजळी घटली, पण उष्णता वाढली आणि उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या. १८९५ मध्ये त्यांच्या जागी अधिक खोल अशा पाच एनफिल्ड खाचा आल्या. ज्या दोषावर मेटफर्ड यांनी उपाय शोधला, तो दोषच दारूबरोबर मागे पडला होता. ०.३०३ काडतूस मात्र दोन्ही महायुद्धांत वापरले गेले.

१८९२ मध्ये प्रकृती ढासळल्याने मेटफर्ड यांनी काम थांबविले. ब्रिस्टलमधील रेडलँड येथे त्यांचे निधन झाले.