विश्लेषण : मास्टर्स न करता थेट सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट! डॉ. सारा बेकर यांनी हे कसे साधले?

सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स न करता थेट डॉक्टरेट करावी का, हा प्रश्न आज अनेक तरुण डॉक्टरांना पडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या डॉ. सारा जोसेफिन बेकर यांच्यापुढे तो वेगळ्याच रूपात आला. विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावले. त्यांनी मात्र विद्यार्थी म्हणून प्रवेश मागितला.

कोण होत्या डॉ. बेकर?

जन्म १८७३ चा. सोळाव्या वर्षी टायफॉइडने वडील गेले आणि आई-बहिणीची जबाबदारी अंगावर आली. कॉलेजचा बेत सोडून त्यांनी थेट वैद्यकीय शिक्षण घेतले. १८९८ मध्ये त्या एमडी झाल्या. अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी, म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती.

अनुभव कोणता होता?

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात त्या निरीक्षक म्हणून रुजू झाल्या. १९०७ मध्ये ‘टायफॉइड मेरी’ला ताब्यात घेण्याच्या कारवाईत त्या होत्या. १९०८ च्या उन्हाळ्यात त्यांनी गरीब वस्तीत नवजात बाळांच्या घरी परिचारिका पाठवल्या. अंगावरचे दूध, रोजची अंघोळ, हलके कपडे, मोकळी हवा एवढेच आईला समजावले. आदल्या उन्हाळ्याच्या तुलनेत त्या भागात सुमारे १,२०० बालमृत्यू कमी झाले. शहराने बाल आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे दिली.

मग पदवी कशाला?

पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य डॉक्टरेट अभ्यासक्रमात बाल आरोग्य शिकवण्यासाठी डॉ. विल्यम पार्क यांनी त्यांना विचारले. अडचण एवढीच, की जी पदवी विद्यार्थ्यांना मिळणार होती, ती शिकवणाऱ्या बेकर यांच्याकडेच नव्हती. शिकवते, पण मलाही प्रवेश द्या, अशी अट त्यांनी घातली. महिलांना प्रवेश नाही, असे उत्तर आले. त्यांनीही शिकवायला नकार दिला.

पुढे काय झाले?

विद्यापीठाने दुसरा व्याख्याता शोधला. बेकर यांच्या तोडीचा कोणी सापडला नाही. अखेर नियम बाजूला ठेवावा लागला. चाळिशी ओलांडलेल्या बेकर एकाच अभ्यासक्रमात शिक्षिकाही झाल्या आणि विद्यार्थिनीही. प्रबंधाचा विषय रोजच्या कामातलाच होता : शाळेच्या वर्गातील हवा आणि मुलांचे श्वसनाचे आजार. १९१७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तेथून ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

यातून काय समजते?

मास्टर्सची उणीव त्यांच्या दीर्घ प्रत्यक्ष अनुभवाने भरून काढली. संशोधनाचा प्रश्नही त्यांना कामातूनच मिळाला. तरीही अनुभव आहे म्हणून पदवी नको, असे त्यांनी मानले नाही. पुढे सुमारे १५ वर्षे त्यांनी तेथे शिकवले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.