आनंदीबाईंचे लुगडे

बीडची माझी भाची बोटीच्या सफरीला निघाली आहे. तिथल्या मेजवानीसाठी पुरुषी काळा कोट व पाटलोण शिवू का, असे तिने मला विचारले, आणि मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, वय अवघे अठरा! पोशाख बदलणार नाही, असे त्यांनी आधीच बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केले होते. पण तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या झाकेनात, म्हणून त्या गुजराती धर्तीने लुगडे नेसू लागल्या. १८८५ च्या छायाचित्रात जपानी व सीरियन सहाध्यायिनींबरोबर त्या लुगड्यातच आहेत. १८८६ त डॉक्टर होऊन त्या परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशीही न गाठता, गेल्या.

हे ऐकून भाची थोडी गप्प झाली. मग कोट शिवायला टाकून आली. मीही अडवले नाही.