कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर अन् गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या

मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. इथल्या शेतकरी घरात 1863 साली गोपाळ जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचा अक्षराशी फारसा संबंध आला नव्हता. 1875 मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि गोपाळचा सयाजीराव झाला. राजवाड्यात मास्तर आले, अभ्यास सुरू झाला. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत जास्त कळते, ती त्यांना कळली.

1893 मध्ये त्यांनी अमरेली भागातल्या काही गावांत शिक्षण सक्तीचं केलं आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात. मुलींनासुद्धा! पण पुढे एक घोळ दिसू लागला. पोरं शाळा सोडायची, घरात वाचायला काहीच नसायचं आणि शिकलेली अक्षरं दोन-चार वर्षांत विसरून जायची. म्हणजे शाळेवर केलेला खर्च पाण्यात.

महाराजांनी परदेशात ग्रंथालयं पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं. स्वतःच्या वाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. तिथे मुलांसाठी वेगळी खोली केली, खेळ ठेवले. पोरगं खेळायला येईल आणि येता-जाता पुस्तक हातात घेईल, असा हिशेब. आपल्याकडे कित्येक शाळांत पुस्तकं आजही कपाटात कुलूपबंद असतात, का तर फाटतील म्हणून. या राजाने शंभर वर्षांपूर्वी ती पोरांच्या हातात दिली.

खेड्यांचं काय? गावाने वाचनालयासाठी वर्गणी काढली, की सरकार आपला वाटा घालायचं. महाराज आयतं देत नसत. गावाचे पैसे लागले की गाव लक्ष ठेवतं. मोतीभाई अमीन या शिक्षकाने त्यासाठी गावं पिंजून काढली. अन् जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जायची. ने-आणीचा खर्च सरकारचा, वाचणाऱ्याला एक पैसा नाही.

पण पेटीत घालायला मुलांना कळतील अशी पुस्तकं हवीत ना? ती गुजराती-मराठीत थोडीच होती. त्यासाठी 1912 मध्ये महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यातून सयाजी साहित्यमाला निघाली आणि मुलांसाठी बालज्ञानमाला.

6 फेब्रुवारी 1939 ला मुंबईत महाराज गेले. तोवर राज्यातल्या शेकडो गावांत वाचनालयं उभी राहिली होती. जिथे नव्हती तिथे पेटी फिरतच होती. एक वाचून झाली की ती परत जायची आणि दुसरी यायची.