दुःखाच्या रात्रीतून प्रभूकडे : लक्ष्मीबाई टिळक



मन खचते, झोप उडते, कशातच गोडी उरत नाही. अशा वेळी श्रद्धावंत माणसालाही वाटते की देवाने आपल्याला टाकले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनीही असा काळ भोगला. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांचे जीवन आपल्याला धीर देणारे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला, कडक सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरात झाला. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक पुढे नागपूरला आले. १८९३ मध्ये ते नागपूरहून आपल्या गडचिरोलीपलीकडच्या राजनांदगावला निघाले असता, आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पती जिवंत, पण संसार मोडलेला. पदरी लहानगा दत्तू. अन्न गोड लागेना, अश्रू थांबेनात. नातलगांनी त्यांना जपले. मनातला कढ त्या कवितेत ओतू लागल्या.

काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म सांभाळून. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांनी सोवळे चालूच ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, हे त्यांना हळूहळू उमगले. १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ज्या प्रभूने आपले घर मोडले असे वाटत होते, तोच त्यांचा आधार झाला.

म्हणून दुःख संपले असे नाही. १९१९ मध्ये टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभू येशूचे काव्यमय चरित्र अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचले. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या.

प्रियजनहो, खिन्नता म्हणजे पापाची शिक्षा नव्हे, विश्वास कमी पडल्याची खूणही नव्हे. गेथशेमनी बागेत प्रभू येशूचा जीवही अतिशय खिन्न झाला होता. त्या रात्री त्याने शिष्यांकडे फक्त सोबत मागितली आणि ते झोपी गेले. आपण झोपून राहू नये. आपल्या धर्मग्रामात कोणी मिस्साला येईनासे झाले असेल, शेतावर वा कामावर जाणे सोडून घरात बसून असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी त्याच्याजवळ बसा. सोबत प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या. औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मदत मिळते.

लक्ष्मीबाईंची रात्र एका दिवसात सरली नाही. आपलीही सरणार नाही कदाचित. पण त्या रात्री आपण एकटे नाही. प्रभू स्वतः तेथे जागा आहे.