केबलची नाडी पाहणारे लॉर्ड केल्विन

तापमानाच्या एककामुळे केल्विन हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या हयातीत मात्र सामान्य लोक त्यांना ओळखत ते समुद्राखालच्या तारेमुळे. मूळ नाव विल्यम थॉमसन, जन्म १८२४ चा, बेलफास्टमधला. बाविसाव्या वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे तिथेच शिकवत राहिले.

आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तार अटलांटिकच्या तळाशी टाकायचे ठरले, तेव्हा थॉमसन त्या कंपनीचे एक संचालक होते. आत तांबे, वर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन. तांब्याचे नमुने तपासताना त्यांना सारख्याच जाडीच्या तारांच्या वाहकतेत मोठी तफावत आढळली. दोष तांब्याच्या शुद्धतेत होता. कंपनीचे विद्युतप्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशाने शल्यवैद्य. त्यांना थॉमसन यांचे गणित पटत नसे. प्रकृतीचे कारण सांगून ते किनाऱ्यावरच थांबले, आणि जहाजावर थॉमसन गेले.

५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही किनारे जोडले गेले. पण संदेश अस्पष्ट येऊ लागले. व्हाइटहाउस यांनी मोठाली प्रवर्तन कुंडले लावून सुमारे २,००० व्होल्टपर्यंत दाब दिला. थॉमसन यांचा उपाय अगदी उलटा होता : रेशमी धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, त्यामागे चिकटवलेली लोहचुंबके आणि पट्टीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका. क्षीण प्रवाहही त्यात दिसे. तरीही राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला १६ तास लागले. बिघाड किनाऱ्याजवळच असेल असे समजून व्हाइटहाउस यांनी बंदरातली केबल उचलायला लावली. थॉमसन यांनी तारेचा रोध मोजला आणि तो दूर, खोल पाण्यात असल्याचे सांगितले. व्हाइटहाउस यांना कंपनीने काढले, पण काही आठवड्यांतच केबल मुकी झाली.

सगळे खापर जादा दाबावर फोडणे सोपे होते. प्रत्यक्षात ती केबल आधीच आजारी होती. साठवणीत ऊन लागून गटापर्चा मऊ पडला होता, आतले तांबे जागोजागी मध्यापासून सरकले होते. जादा दाबाने तिचे मरण जवळ आणले, इतकेच. आज उच्च दाबाच्या केबलच्या वेष्टनातील पोकळ्यांत उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या मोजतात. या ‘पार्शल डिस्चार्ज’ चाचणीत अनपेक्षित आकडा आला, तर दोष केबलमध्ये आहे, टोकाच्या जोडणीत की उपकरणातच, हे आधी तपासावे लागते. थॉमसन यांच्या काळी तर रोधाला सर्वमान्य एककही नव्हते. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीला निरुपयोगी. त्यांच्याच आग्रहाने १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली आणि त्यातून पुढे ‘ओहम’ रूढ झाले.

१८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून पुन्हा प्रयत्न झाला. केबल सोडत असतानाच तिची चाचणी अखंड चालू होती. एकदा प्रकाशाचा ठिपका अचानक भरकटला. केबल मागे ओढून पाहिली, तर वेष्टनात लोखंडी तारेचा तुकडा आरपार घुसलेला. पुन्हा तसेच घडले, तेव्हा घातपाताचा संशय येऊन खलाशांवर पहारा बसला. पुढे उलगडा झाला तो असा की, केबलच्या बाहेरच्या चिलखतातील ठिसूळ तारच तुटून आत रुतत होती. खलाशी निर्दोष होते. त्या वर्षी केबल तुटली, पण १८६६ मध्ये यश आले. इतकेच नव्हे, समुद्रतळाशी पडलेली जुनी केबलही वर काढून पुरी करण्यात आली. थॉमसन यांना ‘सर’ किताब मिळाला. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली.

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या छोट्या केल्विन नदीचे नाव त्यांनी घेतले. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनजवळ त्यांना पुरले आहे.