लोकांची नजर आणि इमाम गझाली (रह.)

वाचकहो, दिवसभरातील आपली किती कृत्ये अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी असतात आणि किती केवळ लोकांनी चांगले म्हणावे म्हणून, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? प्रश्न साधा वाटतो. परंतु याच प्रश्नाने आपल्या काळातील एका थोर विद्वानाची वाचा बंद केली होती. ते विद्वान म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.).

खुरासान प्रांतातील तूस ही त्यांची जन्मभूमी. हिजरी ४५० (इ. स. १०५८) हे त्यांचे जन्मवर्ष सांगितले जाते. पित्याचे छत्र बालपणीच हरपले. मृत्यूपूर्वी पित्याने मुहम्मद व अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले होते. पित्याने मागे ठेवलेली रक्कम संपली तेव्हा त्या सज्जनाने मुलांना मदरशाची वाट दाखविली, कारण तेथे शिक्षणाबरोबर पोटाचीही सोय होत असे. आपण विद्येकडे प्रथम वळलो ते अल्लाहसाठी नव्हे, हे इमाम साहेब पुढे मोकळेपणाने सांगत, असे चरित्रकार नोंदवितात.

निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखे गुरू लाभले. गुरूंच्या निधनानंतर सल्जूक साम्राज्याचे वजीर निजामुल्मुल्क यांच्या दरबारातील वादसभांत त्यांच्या बुद्धीचा दबदबा निर्माण झाला. हिजरी ४८४ (इ. स. १०९१) मध्ये बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापकपद त्यांना मिळाले. तेव्हा वय होते अवघे ३३-३४ वर्षे. सुमारे ३०० विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत आणि अमीर-उमराव त्यांचा सन्मान करीत.

मात्र याच शिखरावर त्यांनी स्वतःच्या नीयतीची झडती घेतली. आपल्या कार्यात सर्वोत्तम कार्य अध्यापनाचे, परंतु त्यामागील प्रेरणा कोणती? उत्तर मिळाले की ती प्रेरणा मानसन्मानाची आणि कीर्तीची आहे. हे उत्तर त्यांनी नाकारले नाही, परंतु त्यावर पाऊल उचलण्याचे धैर्यही होईना. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय करावा आणि सायंकाळी तो मोडावा, अशी जवळपास ६ महिने ओढाताण चालली. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यात ही अवस्था सुरू झाली. शेवटी जिभेतून शब्द फुटेना. विद्यार्थ्यांना निदान एक दिवस तरी शिकवावे म्हणून प्रयत्न केला, तोही निष्फळ ठरला. अन्नाचा घास उतरेना. हे दुखणे अंतःकरणातून शरीरात उतरले आहे, असे म्हणून वैद्यांनी हात टेकले.

त्याच वर्षीच्या जिलकाद महिन्यात (नोव्हेंबर १०९५) त्यांनी स्वतःच्या व मुलांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली आणि बगदाद सोडले. मनात शामदेश होता. पण खलीफा व मित्रमंडळींनी अडवू नये म्हणून त्यांनी मक्केला जात असल्याचे सांगितले. निजामियातील त्यांच्या जागी बंधू अहमद शिकवू लागले.

आता लोकांचे तर्क पहा. काहींना वाटले, राज्यकर्त्यांची मर्जी फिरली असावी. जे दरबाराच्या निकट होते, त्यांना ठाऊक होते की राज्यकर्तेच त्यांची मनधरणी करीत आहेत. त्यांनी याला इस्लामवर व विद्वानांवर पडलेली दृष्ट ठरविले. एवढे मोठे पद कोणी धर्मासाठी सोडील, हे इराकच्या विद्वानांना पटेना, कारण त्यांच्या मते ते पद हेच धर्मातील सर्वोच्च स्थान होते. खरे कारण यांपैकी कोणालाही उमगले नाही. वाचकहो, ज्या लोकमतासाठी आपण आयुष्य झिजवितो, त्याची आपल्याविषयीची माहिती बहुधा एवढीच असते!

दमास्कस येथे ते जवळपास २ वर्षे राहिले. तेथील जामा मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवस इबादतीत घालवीत. पुढे बैतुल मक्दिस, अल-खलील आणि हज असा प्रवास झाला. याच एकांतवासाच्या काळात ‘इह्या उलूमिद्दीन’ हा ४० प्रकरणांचा ग्रंथ आकाराला आला. त्यातील एक संपूर्ण प्रकरण प्रतिष्ठेची लालसा व रिया, म्हणजे दिखाऊपणा, यांवर आहे. हा रोग त्यांनी स्वतः भोगला होता. लोक ढोंगी म्हणतील या भीतीने सत्कृत्य सोडणे हीदेखील लोकांचीच गुलामी, हेही त्यांनी तेथे समजावून सांगितले.

याच कसोटीवर ते स्वतः पुन्हा एकदा उभे राहिले. हिजरी ४९९ (इ. स. ११०६) मध्ये निजामुल्मुल्क यांचे पुत्र फखरुल्मुल्क यांनी त्यांना निशापूरला शिकविण्याचा आग्रह केला. ज्याने पदाचा त्याग केला तोच पुन्हा पदावर बसला, असे लोक सहज म्हणू शकत होते. इमाम साहेबांनी याही वेळी अंतःकरण तपासले. एकांतात राहण्याची ओढ आता आरामाची आणि लोकांच्या त्रासातून सुटण्याची तर नाही ना, ही शंका त्यांनी स्वतःवरच घेतली आणि ते अध्यापनास परतले. आसन तसेच होते. परंतु पूर्वी ते मान मिळवून देणारी विद्या शिकवीत, आता मानाचा मोह सोडविणारी शिकवू लागले. अखेरची वर्षे तूस येथे विद्यार्थी व साधकांच्या सहवासात गेली. १४ जमादिउस्सानी ५०५ (१८ डिसेंबर ११११) रोजी त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

वाचकहो, स्वतःचा स्वीकार म्हणजे स्वतःवर खूश होणे नव्हे. अल्लाह आपल्याला जसे पाहतो, तसे स्वतःकडे पाहण्याचे धाडस करणे, हाच खरा स्वीकार होय. ज्याला हे साधले, त्याला स्तुती फुगवीत नाही आणि निंदा मोडीत नाही. आज इशाच्या नमाजनंतर क्षणभर थांबा आणि आपले एखादे असे कृत्य आठवा, ज्याची सर्वांनी वाहवा केली. मग विचारा, कोणीही पाहिले नसते तर मी ते केले असते काय? उत्तर कटू आले तरी ते कृत्य सोडू नका, नीयत सुधारा.

अल्लाह आपणा सर्वांना निर्मळ नीयत बहाल करो. आमीन.